आकाशदर्शनाच्या सहलीहून घरी आल्यावर



'आमची सहल' हा निबंध आपण दरवर्षी लिहून घेतो. सुरुवात ठरलेली असते, "आम्ही सकाळी लवकर उठलो." शेवटही ठरलेला, "खूप मजा आली आणि आम्ही घरी आलो." घरी आलं की निबंध संपला! पण आकाशदर्शनाच्या सहलीचं तसं नसतं. किल्ला बघून आलो तर किल्ला तिथंच राहतो. आकाश मात्र आपल्या घरावरही तेच असतं. त्यामुळं या सहलीचा निबंध खरं तर घरी आल्यावर सुरू होतो. कसा, ते आज माझ्या सातवीतल्या एका मुलीच्या वहीवरून पाहूया. तिचं नाव मी इथं लिहीत नाही. दिवाळीनंतर तिचे आईवडील कोल्हापूरकडं ऊसतोडीला जातात आणि ती आजीजवळ राहून शाळा शिकते, एवढं सांगितलं तरी पुरे.

सहलीत काय पाहिलं?

फेब्रुवारीतली अमावास्या होऊन एकच दिवस झाला होता. आम्ही जिंतूर तालुक्यात, येलदरी धरणाकडच्या एका गावच्या शाळेच्या मैदानावर सतरंज्या टाकल्या. पालकांची संमतिपत्रं, स्वेटर, पाण्याच्या बाटल्या आणि माझ्या एका मित्राची छोटी दुर्बीण, एवढीच तयारी. बॅटरीला लाल पातळ कागद बांधला होता, कारण लाल उजेडानं अंधाराला सरावलेले डोळे फारसे दिपत नाहीत.

मुलांनी गुरू आणि त्याचे चार मोठे चंद्र पाहिले. गॅलिलिओनं १६१० साली दुर्बिणीतून पाहिले ते हेच. मग मृग नक्षत्रातला तेजोमेघ पाहिला. इथं बरीच मुलं हिरमुसली. पुस्तकात तो गुलाबी-जांभळा दिसतो आणि दुर्बिणीत राखाडी धुरासारखा. मुलांनो, ही दुर्बिणीची चूक नाही. अगदी मंद उजेडात आपल्या डोळ्यांना रंग नीट कळत नाहीत. कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवला की त्यात प्रकाश साठत जातो आणि मग फोटोत रंग दिसतात. डोळ्याला तसं साठवता येत नाही.

तो तेजोमेघ सुमारे १३०० प्रकाशवर्षं दूर आहे. म्हणजे त्या रात्री मुलांच्या डोळ्यांत शिरलेला उजेड साधारण १३०० वर्षांपूर्वी निघालेला. वेरूळचं कैलास लेणं आठव्या शतकातलं, तेव्हा त्या काळाच्या आगंमागंच. व्याधाचा तारा त्या मानानं अगदी शेजारी, ८.६ प्रकाशवर्षांवर. आमच्या मुलीनं वहीत लिहिलं, "व्याधाचा उजेड निघाला तेव्हा मी अंगणवाडीत होते." हिशोब तिनं स्वतः केला होता. पाठ केलेल्या दहा ओळींपेक्षा मला ही एक ओळ जास्त आवडली.

घरी आल्यावरची पहिली रात्र

दुसऱ्या दिवशी रात्री ती उत्साहानं अंगणात आली. वहीत पुढं लिहिलंय, "आमच्या गावात तारे कमी आहेत. तिथं खूप होते. मला वाईट वाटलं."

सहलीहून आलेल्या बहुतेक मुलांना असं वाटतं आणि पुष्कळांचं आकाश बघणं इथंच थांबतं. म्हणून दुसऱ्या दिवशी वर्गात यावरच बोललो. गावात तारे कमी नसतात. तिच्या अंगणासमोर खांबावर पांढरा एलईडी दिवा आहे. त्याचा उजेड दोन प्रकारे आड येतो. एक म्हणजे, तो हवेतल्या धुळीवर पडून आकाश उजळवतो आणि मंद तारे त्या उजेडात बुडतात. दुसरं म्हणजे, तो थेट डोळ्यांत येतो. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. मधेच एकदा दिव्याकडं किंवा मोबाईलकडं पाहिलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात!

मी तिला एवढंच सांगितलं, दिवा भिंतीआड जाईल अशी जागा शोध आणि अर्धा तास मोबाईल बघू नको. ती आजीसोबत घराच्या मागं, गोठ्याच्या बाजूला जाऊन बसली. वहीत लिहिलंय, "आधी २३ तारे मोजले. अर्ध्या तासानं मोजायचं सोडून दिलं, लईच होते." 'लईच' हा शब्द मी खोडला नाही.

आजीचं तिकांडं

खरी गंमत पुढं आहे. तिनं आजीला मृगाच्या पट्ट्यातले ओळीतले तीन तारे दाखवले. आजी म्हणाली, "ते व्हय? ते तर तिकांडं!" मग रात्री दहानंतर ईशान्येला सप्तर्षी वर आले, तर आजी म्हणाली, "ही म्हातारीची बाज. चार खूर बाजेचे आन् हे तीन चोर." जे दाखवायला आम्ही मुलांना धरणापर्यंत नेलं, त्यातलं निम्मं तिच्या घरातच होतं. विचारलं कुणी नव्हतं.

मग तिला एक प्रश्न पडला आणि तो तिनं वर्गात विचारला. "सर, मृग तर जूनमध्ये असतो ना? आजी म्हणते मृगात पेरणी करतात. मग तो आत्ता कसा काय दिसतोय?"

मुलांनो, हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. नीट समजून घ्या.

पृथ्वी सूर्याभोवती फिरते, म्हणून आपल्याला सूर्य वर्षभरात ताऱ्यांमधून सरकल्यासारखा वाटतो. त्या वाटेचे २७ भाग म्हणजे २७ नक्षत्रं. ३६५ दिवसांना २७ नं भागा, एका नक्षत्रात सूर्य साधारण साडेतेरा दिवस राहतो. "मृग लागला" म्हणजे ७-८ जूनच्या सुमारास सूर्य मृग नक्षत्राच्या भागात आला. आता सांगा, सूर्यच तिथं असेल तर ते तारे रात्री दिसतील का? नाही. ते सूर्याबरोबर उगवतात आणि सूर्याबरोबर मावळतात. म्हणजे सगळा गाव मृगाचं नाव घेत असतो तेव्हा मृग दिसत नाही आणि फेब्रुवारीत तो रात्री जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा त्याची आठवण कुणाला नसते!

यातून घरी सांगण्यासारखी एक गोष्ट निघते. नक्षत्र आपल्याला तारीख सांगतं, पाऊस किती पडेल ते सांगत नाही. जुन्या काळी छापील कॅलेंडर नव्हतं तेव्हा हीच तारीख कळण्याची सोय होती आणि ती उत्तम होती. पण मृग लागला म्हणून कोरड्या रानात पेरलं आणि पावसानं ओढ दिली, तर दुबार पेरणी येते. बियाणं, खत, मजुरी सगळं दुसऱ्यांदा. आपल्या परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ म्हणूनच सांगतं की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरणी करा. तारीख आकाशात बघा, ओल मात्र जमिनीत बघा.

आईला केलेला फोन

आठवडाभरानं वहीत एक नोंद आली. "आईला फोन केला. म्हटलं, बाहेर येऊन वर बघ, तीन तारे एका ओळीत दिसतात का. आई म्हणाली दिसतात. मग मी पण बघत होते."

आम्ही वर्गात नकाशा काढला. परभणी आणि कोल्हापूर यांच्या रेखांशांत सुमारे अडीच अंशांचा फरक आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात. म्हणजे तिकांडं परभणीला जिथं आठ वाजता दिसतं, तिथं कोल्हापूरला साधारण आठ वाजून दहा मिनिटांनी येतं. फरक फक्त दहा मिनिटांचा. पाचटाच्या कोपीबाहेर उभ्या असलेल्या आईला आणि इथं अंगणात उभ्या असलेल्या लेकीला तेच तारे एकाच वेळी दिसत होते. रेखांश हा धडा त्या दिवशी मला वेगळा शिकवावा लागला नाही.

घरी करून पाहा

सहलीला गेला असाल किंवा नसाल, या तीन गोष्टी घरून करता येतात. पैसे लागत नाहीत.

१. मूठ मोजा. हात समोर ताठ धरला की बंद मुठीची रुंदी साधारण १० अंश भरते. परभणीचा अक्षांश सुमारे १९ अंश, म्हणून ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून जवळपास दोन मुठी वर दिसतो. फेब्रुवारीत रात्री नऊ-साडेनऊला दक्षिणेकडं बघा. तिथं अगस्तीचा ठळक तारा आहे, तोही जवळपास दोनच मुठी वर! दिल्लीत हाच अगस्ती एक मूठसुद्धा वर येत नाही.

२. खूण धरा. रोज एकाच जागी उभं राहून एखादा तारा मंदिराच्या कळसावर किंवा विजेच्या खांबावर किती वाजता येतो ते लिहा. रोज तो ४ मिनिटं लवकर येईल. पंधरा दिवसांत एक तास, महिन्यात दोन तास. आमच्या मुलीनं बारा दिवस वेळा लिहिल्या आणि मग स्वतःच विचारलं, "सर, असंच चाललं तर तिकांडं एक दिवस सूर्याच्या जवळ जाईल ना?" मृगाचं उत्तर तिला तिच्याच वहीत सापडलं.

३. घरातल्या मोठ्यांना विचारा. तुमच्या आजी-आजोबांकडं ताऱ्यांची कोणती नावं आहेत? पुस्तकातल्या नावाशेजारी ती लिहून ठेवा.

शिक्षक मित्रांनो, निबंध लिहून घेताना "मजा आली का?" असं विचारू नका. "घरी आल्यावर काय वेगळं दिसलं? काय कमी वाटलं? कुणाला दाखवलं? कोणता प्रश्न पडला?" हे चार प्रश्न फळ्यावर लिहा. मुलं आपोआप स्वतःचं लिहितात.

आणखी एक. मुलांना वाटतं की आकाशाचा अभ्यास म्हणजे लांबच्या मोठ्या शहरातलं काम. त्यांना सांगा, पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद इथं ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, तीही शेतशिवारात. आणि शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ परिसरात, 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरी टिपणारी प्रयोगशाळा मंजूर झाली आहे. तिच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या असणार आहेत. १९९९ पर्यंत हिंगोली आपल्याच परभणी जिल्ह्यात होतं. तिथं पुढं काम करणारी मुलं आपल्या वर्गांतून का जाऊ नयेत?

त्या मुलीच्या वहीतली शेवटची नोंद एप्रिलमधली आहे. ऊसतोडीहून आईवडील परत आले होते. "आईला घराच्या मागं नेलं. तिकांडं आता पश्चिमेला खाली गेलंय. आईला म्हटलं, मे संपेपर्यंत दिसायचं बंद होईल, मग मृग लागेल. आई म्हणाली, तुला कुणी सांगितलं? मी म्हटलं, मी लिहून ठेवलंय."

चला तर मग, कॅलेंडरमध्ये पुढची अमावास्या बघून ठेवा आणि त्या रात्री अर्धा तास अंगणातला दिवा बंद करा. वही-पेन सोबत असू द्या.