मगर व्हायचं नसेल तर एकटं जा!

महाडला सावित्रीत मगरी आहेत हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण माणसांच्या मेळाव्यातही मगरी असतात आणि त्यांच्यासाठी चक्क एक क्रियापद आहे, हे मला एस्पेरांतो शिकताना कळलं. 'क्रोकोदीली', म्हणजे मगरपणा करणे! सगळे एस्पेरांतो बोलायला जमलेले असताना दोन गाववाल्यांनी कोपरा धरून मातृभाषेत गप्पा ठोकल्या, की त्या दोघांना बाकीचे मगर म्हणतात. प्रकार इथेच संपत नाही. समोरच्याची मातृभाषा आहे पण माझी नाही, अशा भाषेत बोलणं म्हणजे 'अलिगातोरी'. आणि जी दोघांचीही नाही, म्हणजे मी आणि एखादा जपानी इंग्रजीत बोलू लागलो, तर ते 'कायमानी'. मगर, ॲलिगेटर, केमन... अख्खं कुटुंबच!

मंडळी, हा लेख २०२५ च्या जुलैत मी एकटीने केलेल्या प्रवासाबद्दल आहे. पण 'माझा परदेश प्रवास' छापाचं वर्णन करणार नाही. बर्फ, चॉकलेट, ट्राम वगैरे तुम्ही पिक्चरमध्ये बघता. मला सांगायचंय ते असल्या संमेलनाला एकटं का जायचं, याबद्दल.

आधी थोडी माहिती. एस्पेरांतो ही बनवलेली भाषा. वॉर्साच्या डॉ. झामेनहॉफ या डोळ्यांच्या डॉक्टरने १८८७ साली तिचं पहिलं पुस्तक छापलं. नाम 'ओ'ने संपतं, विशेषण 'आ'ने, वर्तमानकाळ 'आस', भूतकाळ 'इस', भविष्यकाळ 'ओस'. क्रियापदांना अपवाद नाहीत, त्यामुळे केटी लागायची भीती कमी. 'बोना' म्हणजे चांगला, 'माल्बोना' म्हणजे वाईट. एक 'माल' लावला की निम्मे शब्द पाठ करायचे वाचतात. आपल्याच जिल्ह्यातल्या गागोद्याला जन्मलेले विनोबाही ही भाषा शिकले होते! या लोकांचं पहिलं जागतिक संमेलन १९०५ साली फ्रान्समध्ये बुलोन्य-स्यूर-मेर इथे भरलं, ६८८ माणसं आली होती. महायुद्धं आणि कोरोनाची वर्षं सोडली तर ते दरवर्षी भरत आलंय. ११० वं संमेलन २६ जुलै ते २ ऑगस्ट २०२५ या काळात चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरात झालं. (ब्रनो म्हणजे मेंडेलच्या वाटाण्यांचं गाव. गणितवाला गोडेलही तिथलाच, १९०६ चा जन्म.)

एस्पेरांतो नको असेल तर बहुभाषकांचे वेगळे मेळावेही असतात. पॉलिग्लॉट कॉन्फरन्स २०१३ साली बुडापेस्टला सुरू झाली, पॉलिग्लॉट गॅदरिंग २०१४ साली बर्लिनला. तिथे एकच भाषा नसते, ज्याला जी शिकायचीय ती तो बोलतो. पण एकटं जायचं कारण दोन्हीकडे तेच.

मी पाचाडची. रायगडाच्या पायथ्याची. गडावर येणाऱ्या ट्रेकर लोकांना आई घरगुती जेवण देते, तांदळाची भाकरी, पिठलं, कधी कोंबडी. तिकिटाचे निम्मे पैसे त्या चुलीतूनच आले, बाकी मी दोन वर्षं ज्युनियर पोरांच्या गणिताच्या शिकवण्या करून जमवले. घरात पैशांपेक्षा मोठा प्रश्न एकच होता. आजी म्हणाली, "तिकडं आपलं कोण हाय गं?" आई काही बोलली नाही, पण चार दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. ओळखीतली पुण्याची एक मुलगी तेव्हा युरोपातच फिरणार होती. तिच्यासोबत जा, असा तोडगा काकांनी काढला. मी नाही म्हटलं आणि घरात गहजब झाला.

नाही का म्हटलं? त्याला आमच्या गावातलंच एक जुनं उदाहरण आहे. मे १६७४ मध्ये हेन्री ऑक्सिंडेन हा इंग्रजांचा वकील राज्याभिषेकासाठी रायगडाकडे आला. महाराज तेव्हा प्रतापगडाला भवानीच्या दर्शनाला गेले होते, म्हणून त्याला पाचाडला काही दिवस मुक्काम करावा लागला. त्याच्यासोबत नारायण शेणवी हा दुभाषी होता. पुढे ऑक्सिंडेनने राज्याभिषेक बघितला, नजराणे दिले, तहही पार पडला. काम चोख झालं! पण बोलणं झालं ते शेणव्यांच्या तोंडून. वकिलाला दुभाषी हवाच, त्याचं काम तह करायचं. भाषा शिकायला निघालेल्या माणसाने मात्र सोबत दुभाषी नेला तर तो मुक्काम हलवून परत येतो, भाषा हलत नाही. आणि सोबतची मैत्रीण हा सगळ्यात वाईट दुभाषी. ती काही मुद्दाम करत नाही. पण जेवायच्या रांगेत 'हे काय आहे गं?' असं तिला विचारता येतं, म्हणून तुम्ही ते पुढच्या हंगेरियन आजोबांना विचारत नाही. असे दिवसाला पन्नास प्रश्न धरा. आठ दिवसांचे चारशे. तेवढाच तर सराव होता!

तयारीचं थोडक्यात सांगते. शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचा प्रवासविमा लागतो. फी जून २०२४ पासून ९० युरो आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटची मुदत १५ दिवस आधी, पण त्या मुदतीवर विसंबणं म्हणजे सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल लिहिणं. बोटांचे ठसे द्यायला मुंबईला स्वतः जावं लागतं. संमेलनाच्या फीमध्ये श्रीमंत देश आणि बाकीचे देश असे गट असतात, तरुणांना सवलतही असते. राहण्यासाठी एस्पेरांतोवाल्यांची 'पासपोर्ता सेर्वो' नावाची सोय आहे. जगभरचे लोक आपल्या घरी फुकट उतरू देतात, अट एकच, त्यांच्याशी एस्पेरांतोत बोलायचं. तिची पहिली यादी १९७४ साली निघाली. मुलींना माझा सल्ला, पहिल्याच खेपेला अनोळखी घरी उतरू नका. मी वसतिगृहात मुलींच्या खोलीत खाट घेतली. रोज रात्री घरी एक मेसेज आणि बस पोचायची वेळ दिवसाउजेडी, हे दोन नियम पाळले. व्हिएन्नापर्यंत विमान, तिथून ब्रनो बसने दोनएक तास.

आता खरा अनुभव. पहिल्या संध्याकाळी संस्थांची जत्रा भरते, टेबलं मांडलेली, माणसं फिरतायत. मी अर्धा तास पाण्याचा ग्लास धरून उभी. शेवटी एका टेबलामागच्या बाईंना 'तुमचा डबा कुठे मिळाला' एवढंच विचारलं. त्या पंधरा मिनिटं बोलल्या, मला त्यातलं पाच मिनिटांचं कळलं. दुसरा दिवस बरा गेला. तिसरा दिवस मात्र वाईट. डोकं ठणकत होतं, 'हो', 'नाही', 'छान' सोडून तोंडातून काही येईना आणि मी बाथरूममध्ये नळाशी मराठीत बोलले! हे कुणी आधी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितेय. एकटं जाण्याची किंमत ही आहे. पैशांची किंमत परवडते एक वेळ. त्याच संध्याकाळी दिल्लीचे एक गृहस्थ भेटले. हिंदीत सुरू झालो असतो तर मला तेव्हा स्वर्ग मिळाला असता. त्यांनीच हसून बोट हलवलं आणि म्हणाले, "अलिगातोरो!" मग आम्ही दोघांनी मोडक्यातोडक्या एस्पेरांतोत पावसावर अर्धा तास काढला.

चौथ्या दिवशी काहीजणांनी मराठीबद्दल विचारलं, तेव्हा बागेत गोल करून बसलो. मी 'ळ' म्हणून दाखवला. फळा, बाळ, काळोळ. कुणाला जमेना. फक्त नॉर्वेच्या एका शिक्षिकाबाईंनी जवळजवळ बरोबर म्हटला. त्यांच्या पूर्व नॉर्वेतल्या बोलीत जीभ मागे वळवून म्हणायचा एक 'जाड ल' आहे म्हणे. मग मी 'आम्ही' आणि 'आपण' यातला फरक सांगितला. आम्ही जेवायला जातो म्हणजे तू नाहीस. आपण जेवायला जातो म्हणजे तूही चल. एस्पेरांतोत दोन्हीला 'नी' एवढंच. इंग्रजीतही एकच शब्द. फ्रेंच, जर्मन सगळे माना डोलावत होते, तेवढ्यात इंडोनेशियाचा एक मुलगा उठूनच उभा राहिला. त्यांच्याकडे 'कामी' म्हणजे आम्ही आणि 'किता' म्हणजे आपण! पाचाडपासून हजारो किलोमीटरवरच्या बेटावर हा फरक आहे, आणि आमच्या-त्यांच्या भाषांचं घराणंही वेगळं. आम्ही दोघं इतके जोरात बोलत होतो की पलीकडच्या बाकावरचे लोक बघायला लागले. एस्पेरांतोच्या चुका किती झाल्या ते मोजलं नाही. डोकं ठणकायचं थांबल्याचं मला रात्री खोलीवर गेल्यावर लक्षात आलं.

सोबत पुण्याची ती मुलगी असती तर बागेतला हा तास झाला असता का? मला नाही वाटत. 'किती गं मजेशीर लोक' असं आम्ही एकमेकींना मराठीत सांगत लांबून बघितलं असतं.

घरी आल्यावर आजीने पहिला प्रश्न जेवणाचा विचारला. आईने विचारलं, "त्या इंडोनेशियाच्या पोराची आई काय करते?" मी विचारलंच नव्हतं. तिच्या सांगण्यावरून मेसेज करून विचारलं. बाजारात तिचा खाण्याचा गाळा आहे. आता आई मला दर आठवड्याला तिथल्या मसाल्यांबद्दल काहीतरी विचारायला लावते आणि माझा सराव फुकटात चालू आहे.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी : पासपोर्ट नसेल तर आधी तो. मग रोज अर्धा तास, निदान आठ-नऊ महिने. बोलायला कुणी नसेल तर दर बुधवारी पाच ते सहा मी वर्कशॉपच्या पायऱ्यांवर असते. आत्तापर्यंत मेकॅनिकलचे दोघं आणि सिव्हिलची एक येते. चहा ज्याचा त्याने आणायचा.