पावसाळ्यानंतरची जुनी जीप

महिंद्राने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्याच घराण्यातील एमएम ५४० सारख्या जुन्या गाड्यांची घरच्या घरी देखभाल करता येते, कारण बहुतेक भाग उघडे आणि नटबोल्टने जोडलेले असतात. महाबळेश्वरात वर्षाला सरासरी ५००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, त्यामुळे तिथे अशा गाडीचा खरा शत्रू गंज. जांभ्याची लाल माती चॅसीच्या खोबणीत ओल धरून बसते. ती पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने काढून, गाडी पूर्ण वाळवून मगच गंजरोधक लेप द्यावा. ओल्यावर लावलेला लेप गंज झाकतो, थांबवत नाही.

ओढ्यातून गेलेल्या गाडीचे डिफरन्शियल व गिअरबॉक्सचे ऑइल तपासावे. ते दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे. ऑइल बदलावे आणि सीलही पाहावे. स्प्रिंग शॅकल व प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसमध्ये जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे भरावे.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, त्यामुळे ते लवकर उकळते. पसरणी किंवा आंबेनळी घाटाच्या उतारावर ते तापून उकळले, तर पेडल थेट खाली जाते. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलावे. कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हील ड्राइव्ह लावू नये; ट्रान्सफर केसवर ताण येतो.