घर बांधताय? देखरेखीला शिकलेला माणूस ठेवा



पेरणीआधी मातीचा नमुना तपासून घ्या, असे मी गावोगाव वर्षानुवर्षे सांगत आलो. पण स्वतःचे घर बांधताना ते ज्या मातीवर उभे राहणार ती काही मी तपासली नाही. जमीन काळी, खोल. गवंड्याने सवयीप्रमाणे तीन फूट पाया घेतला. दुसऱ्या उन्हाळ्यात मधल्या खोलीची भिंत तिरकी तडकली. फटीत बोट जाई. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते, हे मी कॉलेजात शिकलो होतो!

गवंड्याला मी दोष देत नाही. त्याचा हात चांगला, भिंत ओळंब्यात. पण मुरूम लागेपर्यंत खोदायचे, की काळी माती काढून मुरूम भरून ठोकायचा, हे ठरवायला शिकलेला माणूस लागतो. तो मी ठेवलाच नव्हता.

असा माणूस ठेवणे हे काही नवे खूळ नव्हे. पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय 1854 साली सुरू झाले, तेच मुळी इमारती, कालवे आणि पूल यांच्या सरकारी कामांवर देखरेख करणारी माणसे तयार करण्यासाठी. सरकारी बांधकामावर ओव्हरसियर असतो हे आपण सारे पाहतो. मग आपल्या आयुष्याची पुंजी जिथे ओततो, तिथेच तो का नसावा?

रोज उभा राहणारा माणूस परवडत नाही, हे मलाही कळते. सिव्हिलचा डिप्लोमा झालेला, एक-दोन पावसाळे कामावर काढलेला माणूस पाच-सहा खेपांना बोलवा. पाया खोदून झाल्यावर, कॉलमची सळई बांधून झाल्यावर आणि स्लॅबच्या आदल्या दिवशी तर हवाच. रिंगांची टोके आत वळवली आहेत का, सळईखाली सिमेंटचे ठोकळे आहेत का, हे तो पाहील. सळई फळीला टेकली तर काँक्रीट तिला झाकत नाही. ती गंजते, आणि काही वर्षांनी छताचे पोपडे पडतात.

स्लॅबच्या दिवशी मात्र त्याला सकाळपासून बसवा. खरी लबाडी, खरे तर आळस, पाण्यात असतो. माल पातळ असला की पसरायला सोपा; म्हणून बिगारी बादलीवर बादली ओततो. एका पोत्याला दीड माप वाळू, तीन मापे खडी आणि साधारण 25 लिटर पाणी. वाळू ओली असेल तर त्याहूनही कमी. घमेल्याच्या अंदाजाने नव्हे, पेटीने मोजून. जास्तीचे पाणी उडून जाते आणि आत पोकळ्या ठेवते. पुढे पाणी मारायचे काम घरच्या मंडळींचे. भर उन्हाळ्यात निदान 10 दिवस स्लॅब सुकू देऊ नका. गाळा साडेचार मीटरहून रुंद असेल तर टेकू 14 दिवस हलवू नका, मग सेंट्रिंगवाला कितीही घाई करो.

दोन गोष्टी सांभाळा. त्याचे पैसे तुम्ही स्वतः द्या, ठेकेदाराकडून देववू नका. ज्याची चूक पकडायची त्याच्याच हातून पगार घेणारा बोलेल कसा? आणि नुसता कागद पाहू नका, त्याने केलेली दोन कामे पाहून या.

गेल्या वर्षी गोठा बांधला तेव्हा मी असा एक तरुण ठेवला. पहिल्याच दिवशी त्याने वाळू मुठीत चोळली, तळहात मातकट झालेला दाखवला आणि ट्रॉली परत पाठवली. गवंडीमामा रुसून कडुनिंबाखाली जाऊन बसले. आमच्या सौभाग्यवतींनी दोघांना एकाच खाटेवर बसवून चहा दिला. संध्याकाळी पाहतो तो मामा स्वतः त्या पोराला विचारत होते, ‘‘रिंगा किती अंतरावर बांधू, साहेब?’’