सॉफ्टवेअर घेण्याआधी दुकानाचा नकाशा काढा

‘एंटरप्राइज आर्किटेक्चर’ नावाला घाबरू नका. धंद्यात कोणतं काम कोण करतं. माल, पैसा, माहिती कुठून कुठे जाते, त्याचा हा नकाशा.

लिज्जत पापड बघा. 1959 मध्ये गिरगावात 7 बायकांनी 80 रुपये उसने घेऊन सुरू केलं. पीठ शाखेत मळायचं, लाटायचं घरोघरी. दुसऱ्या दिवशी पापड जमा, वजन, मोबदला. लाटणारे हात हजारो झाले, पण पिठाची जागा ठरलेलीच!

आता आपलं दिघोरीतलं दुकान. उधारी वहीत, स्टॉक डोक्यात, यूपीआयचे पैसे मुलाच्या मोबाईलवर. धान विकून गिऱ्हाईक उधारी फेडायला आला, की हिशोब जुळत नाही. त्यावर महागडं सॉफ्टवेअर टाकलं तर गोंधळच कॉम्प्युटरवर चढेल. आज एवढंच करा: उधारीची नोंद बिलासोबत, आणि पैसे कसेही येवोत, जमा त्याच पानावर.