गांजाचे वजन मोजतो, ताकद कधी मोजणार?

मार्च 2025 मध्ये गिरीला अकरा किलोंहून अधिक हायड्रोपोनिक गांजा सापडला आणि त्याची किंमत अकरा कोटींवर सांगितली गेली. गोवाभर चर्चा झाली ती त्या आकड्याची. किलोला जवळपास एक कोटी हा भाव कशाचा, हा प्रश्न मागेच पडला. त्याआधी एप्रिल 2023 मध्ये पेडण्यातील हरमल परिसरात एनसीबी या केंद्राच्या अमली पदार्थविरोधी यंत्रणेने रशियन टोळीवर केलेल्या कारवाईतही हा माल होता.

हायड्रोपोनिक शेतीला माती लागत नाही. पोषकद्रव्ये घातलेले पाणी, तासांच्या हिशेबाने दिलेला प्रकाश आणि बंद खोली पुरते. झाडे सगळी मादी ठेवायची. परागण झाले नाही की फूल बी धरत नाही आणि त्यावर राळेच्या ग्रंथी दाट येतात. भिंगाखाली त्या बारीक देठावरच्या पारदर्शक गोळ्या दिसतात. नशा आणणारे टीएचसी आणि वास देणारी टर्पिन्स, दोन्ही तिथेच तयार होतात.

संकरित वाणांचा वास म्हणजे या टर्पिन्सचे मिश्रण. लिंबाच्या सालीतले लिमोनिन, आंब्यात सापडणारे मायर्सिन, मिरी-लवंगेतले कॅरिओफायलिन. चवही बरीचशी त्यांचीच. नाकात घुसणारा उग्र दर्प मात्र वेगळा. तो गंधकाच्या संयुगांचा, हे 2021 मध्ये स्पष्ट झाले.

विक्रेते सांगतात, इंडिकाने अंग जड होते, सटायव्हाने तरतरी येते, हायब्रीडमध्ये दोन्ही मिळते. यावर विश्वास ठेवू नये. लामार्कने 1785 मध्ये भारतातल्या नमुन्यांवरून इंडिका हे नाव दिले खरे, पण त्यानंतर इतका संकर झाला की त्या नावावरून वंश कळत नाही. 2021 मध्ये 'नेचर प्लांट्स'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार ही नावे जुळतात ती वंशाशी नव्हे, काही मोजक्या टर्पिन्सशी. म्हणजे नावातून कळला तर वास कळतो, ताकद नाही.

धोका ताकदीत आहे. अमेरिकेत जप्त गांजातले टीएचसी 1995 मध्ये सरासरी सुमारे 4 टक्के होते, 2014 मध्ये 12 टक्क्यांच्या आसपास गेले. 'लॅन्सेट सायकायट्री'तील 2019 च्या युरोपीय अभ्यासात 10 टक्के किंवा अधिक टीएचसीचा गांजा रोज ओढणाऱ्यांत मनोविकृतीचा धोका, कधीच न ओढणाऱ्यांच्या तुलनेत, जवळपास पाचपट आढळला. छाती धडधडणे, भीती दाटणे, आत्ता काय बोललो ते विसरणे, हे त्रास तर त्याच्या कितीतरी आधीच जाणवतात.

आपला 1985 चा कायदा मात्र फक्त तराजू ओळखतो. एक किलोपर्यंत अल्प, वीस किलोंहून अधिक म्हणजे व्यावसायिक प्रमाण. गावठी गांजाला तेच माप, दिव्याखालच्या फुलांनाही तेच. त्यामुळे अकरा कोटींचा साठाही व्यावसायिक प्रमाणाच्या खालीच राहतो.

डिसेंबर 2020 मध्ये औषधी लागवडीच्या प्रस्तावाला गोव्याच्या कायदा खात्याने अनुकूलता दाखवली होती. तेव्हा विरोध झाला आणि सरकारने पाऊल मागे घेतले. लागवडीवरचा वाद पुन्हा होईल, व्हायलाही हवा. त्याआधी एक साधे काम करावे. जप्त मालातले टीएचसी वेर्ण्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत मोजून तो आकडा किमतीच्या आकड्याशेजारी जाहीर करावा. पेडणे-डिचोलीतल्या पालकांना कोटींपेक्षा त्या टक्क्यांची गरज अधिक आहे. आणि घरात कुणी यात अडकले असेल, तर 14446 ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, तिथे फोन करा.