सिगट्रान

सिगट्रान हा पारंपरिक दूरध्वनी जाळ्यातील संकेतन इंटरनेट प्रोटोकॉलवर (आयपी) चालणाऱ्या जाळ्यांमधून वाहून नेण्यासाठी तयार केलेल्या प्रोटोकॉलांचा संच आहे. ‘सिग्नलिंग ट्रान्सपोर्ट’ म्हणजे संकेतांची वाहतूक, या शब्दांच्या संक्षेपातून हे नाव आले. इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स या मानके ठरविणाऱ्या संस्थेच्या याच नावाच्या कार्यगटाने हे प्रोटोकॉल विकसित केले. त्यांची चौकट मांडणारा ‘आरएफसी २७१९’ हा दस्तऐवज ऑक्टोबर १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. दूरध्वनी यंत्रणेचे मूळ संदेश तसेच ठेवून केवळ त्यांच्या वाहतुकीचा मार्ग बदलणे, हे सिगट्रानचे मुख्य सूत्र होय.

पार्श्वभूमी

दूरध्वनीवरील संभाषण सुरू होण्यापूर्वी दूरध्वनी केंद्रांना आपापसांत माहितीची देवाणघेवाण करावी लागते. नागपूरहून रत्नागिरीला दूरध्वनी लावला, तर तो क्रमांक कोणत्या केंद्राचा आहे, मधली वाहिनी मोकळी आहे काय, पलीकडील दूरध्वनी व्यग्र आहे काय आणि संभाषण केव्हा संपले, हे सर्व मार्गातील केंद्रांना कळावे लागते. या देवाणघेवाणीस संकेतन म्हणतात.

पूर्वी संकेत आणि आवाज एकाच वाहिनीतून जात असत. अमेरिकेत वाहिनी मोकळी असल्याचे सांगण्यासाठी २६०० हर्ट्झचा स्वर वापरला जाई. तोच स्वर बाहेरून वाजवून केंद्राला फसविता येते, हे काही जणांच्या लक्षात आले आणि फुकट दूरध्वनी करण्याचे प्रकार सुरू झाले. संकेतांसाठी स्वतंत्र वाहिनी ठेवल्याने हा दोष दूर झाला आणि कॉल जोडण्याचा वेगही वाढला. या तत्त्वावर १९७० च्या दशकात विकसित झालेली आणि पुढे जगभर मानक ठरलेली पद्धती म्हणजे ‘सिग्नलिंग सिस्टिम क्रमांक ७’, अर्थात एसएस७.

एसएस७ ची रचना स्तरांची आहे. एमटीपी नावाचे खालचे तीन स्तर संदेश बिनचूक पोहोचवितात. वरच्या स्तरांपैकी आयएसयूपी हा कॉल जोडतो व तोडतो, तर एमएपी हा भ्रमणध्वनी ग्राहक कोठे आहे याची माहिती जाळ्याला पुरवितो. एसएमएसही याच संकेतन जाळ्यातून जातो. त्याला संकेतनाच्या संदेशात मावेल एवढीच, म्हणजे १४० बाइटची जागा मिळते. प्रत्येकी ७ बिटांची १६० अक्षरे तेवढ्यात बसतात. एसएमएसची सुपरिचित मर्यादा अशी ठरली.

गरज

एसएस७ च्या नेहमीच्या दुव्याचा वेग सेकंदाला ६४ किलोबिट असतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार दोन केंद्रांमधील एका संचात असे जास्तीत जास्त १६ दुवे ठेवता येतात. १९९० च्या दशकाच्या अखेरीस भ्रमणध्वनी, रोमिंग आणि एसएमएस यांमुळे संकेतांची संख्या झपाट्याने वाढू लागली. दुसरीकडे आयपी जाळी वेगवान व स्वस्त होत होती. संकेतांची वाहतूक त्यांच्यावर सोपविणे किफायतशीर होते.

मात्र दोन्ही जाळ्यांचा स्वभाव भिन्न आहे. एसएस७ मध्ये एखादा संकेतमार्ग वर्षभरात एकूण १० मिनिटांपेक्षा अधिक काळ बंद राहू नये आणि १ कोटी संदेशांत एकापेक्षा अधिक हरवू नये, अशी अपेक्षा असते. आयपी जाळे पॅकेट पोहोचविण्याचा प्रयत्न करते, परंतु ते पोहोचेलच अशी हमी देत नाही.

एससीटीपी

आयपीवर हमी देण्याचे काम सामान्यतः टीसीपी हा प्रोटोकॉल करतो, पण संकेतनासाठी तो अपुरा ठरला. टीसीपी सर्व माहिती एकाच रांगेत पोहोचवितो. रांगेतील एक पॅकेट हरवले, तर ते पुन्हा येईपर्यंत मागची सर्व माहिती अडून राहते. एका कॉलचा संदेश हरवल्यामुळे त्याच्याशी संबंध नसलेल्या शेकडो कॉलांनी थांबावे, हे दूरध्वनी जाळ्यात चालण्यासारखे नव्हते.

म्हणून कार्यगटाने एससीटीपी हा नवा प्रोटोकॉल तयार केला. तो ऑक्टोबर २००० मध्ये ‘आरएफसी २९६०’ म्हणून प्रसिद्ध झाला. त्याची प्रमुख वैशिष्ट्ये अशी:

• अनेक प्रवाह: एकाच जोडणीत अनेक स्वतंत्र प्रवाह असतात. एका प्रवाहातील खोळंब्यामुळे दुसरा अडत नाही.
• अनेक पत्ते: प्रत्येक टोकाला एकाहून अधिक आयपी पत्ते देता येतात. एक मार्ग तुटल्यास जोडणी न तोडता दुसरा वापरला जातो.
• संदेशांच्या सीमा: प्रत्येक संदेश कोठे सुरू होतो व कोठे संपतो, हे कायम राखले जाते.
• जोडणीची पडताळणी: खोट्या विनंत्यांचा मारा करून यंत्र बंद पाडता येऊ नये, म्हणून जोडणी चार टप्प्यांत केली जाते.

अनुकूलन स्तर

एससीटीपी आणि दूरध्वनीचे जुने प्रोटोकॉल यांना सांधणारे स्तर म्हणजे अनुकूलन स्तर. एम२पीए, एम२यूए, एम३यूए आणि एसयूए हे त्यांपैकी प्रमुख असून त्यांतील एम३यूए विशेष प्रचलित आहे. एम३यूए वरच्या स्तरांना एमटीपीच्या तिसऱ्या स्तरासारखीच सेवा पुरवितो. त्यामुळे आयएसयूपीला आपल्याखाली आता आयपी जाळे आहे याची जाणीवही नसते. जगभरातील केंद्रे एकदम न बदलता टप्प्याटप्प्याने नव्या जाळ्यावर येऊ शकली, ती यामुळेच.

सुरक्षितता

संदेश न बदलण्याच्या धोरणामुळे त्यांतील जुन्या उणिवाही कायम राहिल्या. एसएस७ ची आखणी झाली तेव्हा त्याचे जाळे मोजक्या दूरध्वनी संस्थांपुरते मर्यादित होते. त्यामुळे आलेला संदेश खरा मानून त्याचे पालन करणे ही रीत होती. पुढे या जाळ्याशी जोडलेल्यांची संख्या वाढली, पण ही रीत बदलली नाही. डिसेंबर २०१४ मध्ये हॅम्बुर्ग येथील परिषदेत संशोधकांनी संकेतनाद्वारे भ्रमणध्वनीचे ठिकाण शोधता येते आणि संभाषण ऐकता येते, हे दाखवून दिले. २०१७ मध्ये जर्मनीत बँकांचे एसएमएसने येणारे संकेतांक अशाच मार्गाने अन्यत्र वळवून खात्यांतील पैसे लुबाडल्याचे उघडकीस आले.

सिगट्रानसाठी आयपीसेक व टीएलएस यांचा वापर सुचविण्यात आला आहे. त्यांमुळे दोन केंद्रांमधील मार्ग सुरक्षित होतो. परंतु अधिकृतपणे जोडलेल्या जाळ्यातूनच खोटा संदेश आला, तर तो या उपायांनी अडविला जात नाही. त्यासाठी दूरसंचार कंपन्यांना जाळ्याच्या सीमेवर प्रत्येक संदेशाचा आशय तपासणारी गाळणी बसवावी लागते.

सद्यस्थिती

दुसऱ्या व तिसऱ्या पिढीच्या भ्रमणध्वनी सेवांमध्ये आणि त्यांच्या रोमिंगमध्ये सिगट्रानचा वापर होतो. ४जी व ५जी यांच्या गाभ्यात एसएस७ ची जागा अन्य प्रोटोकॉलांनी घेतली आहे. मात्र मनोरा आणि गाभा यांच्यातील संकेतनासाठी या दोन्ही पिढ्यांत एससीटीपीच वापरला जातो. त्याचे अद्ययावत मानक ‘आरएफसी ९२६०’ २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले.