संगणक सुरू होत नाहीं तेव्हां

घरांतील संगणक एके दिवशीं सुरू होईनासा झाला म्हणजे मंडळी बहुधा दोन गोष्टी करितात: बटण पुनःपुन्हां दाबतात, आणि मग यंत्र जळालें असा निकाल देऊन मोकळी होतात. वास्तविक समूळ जळालेलीं यंत्रें थोडीं. दोष कोठें आहे हें यंत्र आपल्या परीनें सांगतच असतें. तें ओळखण्याची रीत येथें सांगण्याचा आमचा विचार आहे.

बटण दाबल्यावर भिंतींतील २३० व्होल्टांची वीज पेटींतील एस. एम. पी. एस. मध्यें येते व तिचे १२, ५ व ३.३ व्होल्टांचे सौम्य प्रवाह होतात. नंतर मदरबोर्डावरील एका चिपेंत सांठविलेला लहानसा कार्यक्रम जागा होऊन प्रोसेसर, रॅम इत्यादि अवयवांची हजेरी घेतो. शेवटीं तो डिस्क शोधून सर्व कारभार तिच्यावरील विंडोज अथवा लिनक्सच्या स्वाधीन करितो. ह्या क्रियेस 'बूट' म्हणतात. स्वतःच्याच बुटांचे पट्टे ओढून स्वतःस वर उचलणें, ह्या इंग्रजी वाक्प्रचारावरून तें नांव पडलें. कार्यक्रम वाचण्यासही आधीं एक कार्यक्रम लागतो, ही अडचण पाहतां नांव सार्थच आहे.

तेव्हां पहिला प्रश्न असा: पंखा फिरतो कीं नाहीं? पंखा नाहीं, दिवा नाहीं, म्हणजे घोडें पहिल्याच पायरीवर अडलें. त्याच प्लगवर टेबलावरील दिवा लावून पाहावा. पेटीच्या मागें एक लहान खटका असतो. झाडलोट करतांना तो बंद होतो व कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. वायर काढून बटण दहापंधरा सेकंद दाबून धरावें. आंत राहिलेली वीज निघून गेल्यानें कधीं कधीं तेवढ्यानेंच यंत्र ताळ्यावर येतें. मात्र एस. एम. पी. एस. चा डबा उघडूं नये. त्यांतील कपॅसिटरांत तीनशें व्होल्टांच्या वर वीज सांठते, आणि वायर काढल्यावरही ती कांहीं काळ तेथेंच राहूं शकते. येथें धिटाई दाखविण्यांत पुरुषार्थ नाहीं.

पंखा फिरतो पण पडदा काळा, हा प्रकार अधिक मनोरंजक. आधीं मॉनिटरची वायर पाहावी. निराळें ग्राफिक्स कार्ड असल्यास ती त्यासच लावलेली पाहिजे, मदरबोर्डास नव्हे. मग कान द्यावा. १९८१ सालीं निघालेला आय. बी. एम. चा पी. सी. हजेरी यथास्थित पार पडली कीं एकदां आंखूड शिटी देई. हा संकेत आजही कित्येक मदरबोर्डांत आहे. कांहींत शिटीऐवजीं बारीक दिवे असतात. खुणांचा अर्थ कंपनीगणिक निराळा असल्यामुळें पुस्तिका जपून ठेवावी. आमच्या मतें ह्या अवस्थेंत पहिला संशय रॅमवर घ्यावा. कोंकणासारख्या दमट हवेंत तिच्या कडेच्या सोनेरी पट्ट्यांवर मळ धरतो. वायर काढून, अंगांतील स्थिर विद्युत् जावी म्हणून पेटीच्या उघड्या पत्र्यास हात लावून, रॅम बाहेर काढावी, कडा मऊ खोडरबरानें हलकेच पुसावी व दोन्ही खटके बसेपर्यंत दाबून बसवावी. दोन रॅम असल्यास एकेक लावून पाहावी, म्हणजे दोषी कोणती तें कळतें.

(घड्याळ दरवेळीं जुनें साल दाखवूं लागलें तर सी. आर. २०३२ हा नाण्याएवढा सेल संपला असें समजावें.)

पडद्यावर अक्षरें उमटतात, पण डिस्क सांपडत नाहीं असा संदेश येतो, तेव्हां लावून राहिलेला पेनड्राइव्ह असल्यास काढावा. यंत्र कित्येकदां त्यांतच विंडोज शोधीत बसतें. डिस्कची वायर सैल झाली आहे काय पाहावें. पण जुन्या धर्तीची फिरती डिस्क टक्‌टक् वाजत असेल तर यंत्र तत्काळ बंद करावें. प्रत्येक नव्या प्रयत्नानें आंतील तबकडी अधिक खरवडली जाण्याचा संभव असतो.

दुकानीं यंत्र नेल्यावर 'फॉरमॅट करून देतों' असें कोणी म्हटल्यास एकदम होकार देऊं नये. घरांतील लग्नकार्यांचीं छायाचित्रें, गेलेल्या आजोबांचा आवाज, मुलांचीं वर्षभराचीं टिपणें, सर्व त्या एका शब्दांत जातें. संगणक मेला तरी डिस्क जिवंत असूं शकते, व ती दुसऱ्या यंत्रास जोडून फायली बहुधा उतरून घेतां येतात. तिला विंडोजचें बिटलॉकर नांवाचें कुलूप असेल तर मात्र ४८ अंकांची किल्ली लागते. ती किल्ली त्याच संगणकांत ठेवणें व्यर्थ होय. कागदावर लिहून कपाटांत ठेवावी.